दोरीच्या दुसऱ्या टोकाला

चहा घ्या, पण ऐकताना कप खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला आणि दोष मलाच लागला.

शर्यतीत माणूस हरतो, पडतो, रस्ता चुकतो. मी यातलं काहीही केलं नाही. जीव तोडून सायकल हाणली आणि सगळ्यांच्या आधी पोचलो. तरी आर्वीच्या बाजारात आजही मी दिसलो की लोक आधी माझ्या मागे कोण आहे ते पाहतात. का, ते सांगतो.

नववीत माझी आणि शाळेची फारकत झाली. भांडण वगैरे नव्हतं, जमलं नाही एवढंच. तेव्हापासून सकाळी गावातलं दूध गोळा करायचं, सायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन लटकवायचे आणि आर्वीत घरोघरी वाटायचं, हे माझं काम. कॅन भरलेले असले की माझी सायकल रुळावरच्या गाडीसारखी सरळ जायची. रिकामे झाले की प्यायल्यासारखी. मला ओझ्याचीच सवय. बोलण्याची नव्हती. दारात उभा राहून मी "दूध" एवढंच म्हणायचो, आणि दार एखाद्या मुलीने उघडलं तर तेही नाही. नुसती घंटी वाजवायचो.

माझ्या गिऱ्हाइकांत एक बंडूभाऊ होते. त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं. गल्ल्यावर बसून बसून पोट सुटलेलं, पण हौस अशी की गावात कबड्डीचे सामने असोत की दहीहंडी, भाऊ पुढे. एका सकाळी वहिनी दूध मोजून घेत होत्या आणि भाऊ माझ्या पायांकडे टक लावून पाहत होते.

"मंग्या," ते म्हणाले, "तुह्या पोटऱ्या भाड्यानं देतं काय?"

झालं असं होतं की फौजेतून निवृत्त झालेल्या एका सुभेदारसाहेबांनी आमच्या बाजूच्या टेकडीखाली जमीन घेऊन शिबिराची जागा काढली होती. शहरातल्या पोरांनी तिथे यायचं, दोरावरून चढायचं, जंगलात चालायचं, सायकली चालवायच्या. जागेचं नाव व्हावं म्हणून साहेबांनी शर्यत ठेवली. तिघांचा एक संघ, त्यात एक मुलगी हवीच. गिअरच्या सायकलवर टेकडीच्या पायथ्याशी जायचं. सायकली तिथे ठेवून पायवाटेने पळत वर मारुतीपर्यंत जायचं, तिथे हातावर शिक्का मारून घ्यायचा, उतरायचं आणि दुसऱ्या वाटेने, एका गावातून, सायकलनेच परत शिबिरावर. तिघांतला शेवटचा माणूस पोचला की संघ पोचला असं धरायचं. थकलेल्या गड्याच्या सायकलला दोर बांधून ओढलं तरी चालेल.

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि बंडूभाऊंना मी आठवलो. मीच काय, त्यांना माझे कॅनही आठवले असतील.

आता मला त्या शर्यतीत काय पडलं होतं? तर साहेबांकडेही मी दूध घालायचो. शिबिराला इकडच्या वाटा माहीत असलेला एक कायमचा माणूस पाहिजे, असं मी तिथे ऐकलं होतं. चार दिवस घोकून घोकून पाचव्या दिवशी विचारलं. विचारलं म्हणजे काय, मान खाली घालून म्हणालो, "साहेब, मी नववी."

साहेबांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मैंने पूछा क्या? रेसमध्ये उतर. अपनी टीमला घेऊन ये, पूरी टीम. फिर बात करेंगे."

आजवर जिथे गेलो तिथे लोकांनी दहावीचा कागद मागितला होता. हा पहिला माणूस होता ज्याने पाय मागितले. ठरवलं. मेलो तरी चालेल, टीम घेऊन पोचायचं.

तिसरी होती वर्षाताई, बंडूभाऊंची मामेबहीण. पिपरी मेघेला राहायची, वर्ध्याला कॉलेजात होती. सुट्टीत आर्वीला आली आणि भाऊंनी तिला संघात घातलं. आमच्याकडच्या मुली सायकल किंवा गाडी काढली की तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, तुम्हाला माहीतच आहे. ऊन आणि धूळ दोन्हींवर तोच उपाय. फक्त डोळे दिसतात. पण मी तर डोळ्यांपर्यंतही कधी पोचलो नाही. सरावाचे दोन आठवडे मी तिच्याशी बोललोच नाही. तिने काही विचारलं तर समोरच्या रस्त्याकडे पाहून मान हलवायचो. माझा संबंध तिच्या हँडलशी. दोर बांधायचा आणि ओढायचं. दुधापेक्षा सोपं, ती सांडतही नव्हती.

एकदाच मी मागे पाहिलं. दोर नीट आहे का ते बघायला. तर माझं हँडल फिरलं, मी बोरीच्या झुडपात, माझ्यावर वर्षाताईची सायकल आणि तिच्यावर बंडूभाऊ. अंगातले काटे काढता काढता भाऊंनी नियम केला. "मंग्या, काही झालं तरी मागं पाहाचं नाई. आभाय कोसयलं तरी नाई."

मी नियम मोडणारा माणूस नाही. तिथेच तर सगळा घोटाळा आहे.

शर्यतीच्या सकाळी साहेबांनी सगळ्यांना पिवळे टी-शर्ट वाटले, लाल हेल्मेटं वाटली आणि ट्रकमधून आणलेल्या सायकली दिल्या. सगळ्या सारख्या, सगळ्या निळ्या. मायने माझ्या हँडलला लिंबू-मिरची बांधली. साहेबांनी ती पाहिली, तोंड उघडलं, मग मायकडे पाहिलं आणि मिटून घेतलं. बंडूभाऊंनी दुकानातला नायलॉनचा दोर आणला होता. गाठ मात्र माझी. बैलाला बांधतात ती, जेवढी ओढाल तेवढी आवळणारी.

पहिला टप्पा छान गेला. पायथ्याशी आम्ही मधल्या जागी होतो. सायकली ओळीने लावल्या. आधी माझी, तिच्या डावीकडे वर्षाताईची, पलीकडे भाऊंची. मग टेकडी. दगडगोटे, सागाची वाळलेली पानं, मध्येच नुसती घसरण. मी असा चढलो की वर शिक्का मारणारा माणूस म्हणाला, जरा दम तं घे. दम घ्यायला माझ्याकडे वेळ नव्हता.

उतरताना वर्षाताईच्या बुटात काटा शिरला. बूट फाडून आत गेलेला. ती दगडावर बसली. भाऊ कंबरेवर हात ठेवून धापा टाकत होते. तशातही त्यांनी हुकूम सोडला.

"तू खाली जाय. दोर बांधून तयार राह्यजो. वर्षा आली का सूट. मी येतो मागून. अन् मागं..."

"पाहाचं नाई," मी म्हणालो आणि पळालो.

इथे एक गोष्ट घडली ती मला माहीत नव्हती, पण तुम्हाला सांगून ठेवतो. आम्ही वर गेलो तेव्हा खाली बकऱ्यांचा कळप आला आणि त्याने सगळ्या सायकली आडव्या केल्या. गुराखी भला माणूस. त्याने एकेक उचलून पुन्हा ओळीने लावली. अगदी सुंदर ओळ. फक्त क्रम त्याच्या मनाचा.

मी खाली आलो, लिंबू शोधलं, माझी सायकल सापडली. तिच्या डावीकडच्या सायकलला दोर बांधला. हँडलला नंबराची पाटी होती. ती वाचावी असं माझ्या मनातही आलं नाही. शाळा उगाच सुटली नव्हती.

सायकलवर बसलो, एक पाय जमिनीवर, नजर समोर. मागून धावत पावलं आली. डोळ्याच्या कोपऱ्यात पिवळा टी-शर्ट, लाल हेल्मेट, पांढरा स्कार्फ. सायकलवर कोणीतरी चढल्याचा आवाज आला. मी मनात मारुतीचं नाव घेतलं आणि निघालो.

पहिल्या झटक्याला एक बारीक किंकाळी आली. मला वाटलं, उत्साह.

थोडं पुढे गेल्यावर आवाज आला, "ओ दादा, थांबा ना."

आवाज जरा वेगळा वाटला. पण वर्षाताईचा आवाज मी ऐकला होता किती? आणि स्कार्फमधून तर सगळ्यांचा सारखाच येतो. मी समोर पाहत म्हणालो, "ताई, आता थांबाचं नाई."

मुलीशी बोललेलं माझ्या आयुष्यातलं ते पहिलं पूर्ण वाक्य. मला माझाच अभिमान वाटला.

"दादा, सोडा मले," मागून पुन्हा आलं.

बिचारी स्वतः मागे राहून आम्हाला पुढे पाठवायला निघाली होती. अशा माणसाला सोडतात का? मी गिअर बदलला आणि आणखी जोर लावला.

तेवढ्यात ओझं वाढलं. म्हणजे कसं, तर सरावात वर्षाताई दोन कॅन होती, आता चार झाली. चढावर सहा. मी स्वतःला समजावलं, थकलेला माणूस जड होतोच. मागून घर्रर्र असा आवाज येत होता आणि रबर जळाल्याचा वास. ती दोन्ही ब्रेक दाबून बसली होती, हे मला कसं कळणार? मागे तर पाहायचं नव्हतं. मांड्यांत आग, घशाला कोरड. मी पेडलवर उभा राहिलो. डोळ्यांसमोर साहेब दिसत होते. पूरी टीम, पूरी टीम, असं म्हणत मी चढ संपवला.

आता मागून पुरुषांचे आवाज येऊ लागले. "पकड रे त्याले." "थांब बे." दोघे जण होते आणि चांगले तापलेले होते. मी ओळखलं, दुसरा संघ आपल्याला गाठतो आहे. मला थांबवायला ओरडून राहिलेत. एवढा मी भोळा वाटलो काय? मी उतारावर सायकल अशी सोडली की लिंबू तुटून मागे गेलं. ते कोणाला लागलं ते नंतर कळलं. त्यातल्या मोठ्याला. नाकावर.

मग गाव लागलं. साहेबांनी आधीच सांगितलं होतं की गावात लोक रस्त्यावर येतील, तुमचा हुरूप वाढवतील. खरंच आले. पण त्यांनी जे पाहिलं ते आता तुम्हीही पाहा. पुढे एक पोरगा, मागे पाहायला तयार नाही. त्याच्या सायकलला दोराने बांधलेली एक पोरगी, सोडा सोडा म्हणते. आणि तिच्या मागे दोन भाऊ, एकाच्या नाकाला लागलेलं, ओरडत येतात की आमची बहीण घेऊन चालला.

हो. भाऊ. पुलगावचे ते दोघे सख्खे भाऊ आणि दोराच्या टोकाला त्यांची सख्खी बहीण, शुभांगी. तिघांचा घरचाच संघ.

पानठेल्यावरची माणसं उठली. कोणी काठी घेतली, कोणी बैल हाकायची टोकदार तुतारी. मला वाटलं, काय कौतुक आहे, झेंडे नाहीत तर काठ्या हलवतात! मी एक हात सोडून नमस्कार केला. एक म्हातारबुवा मधे येऊन उभे राहिले, त्यांना वळसा घातला आणि "पाया पडतो बाबा" म्हणून पुढे गेलो. एका मास्तरसारख्या दिसणाऱ्या माणसाने लूना सुरू केली आणि तोही मागे लागला. आमची वरात आता चांगली भरली होती. नवरदेवालाच तेवढी खबर नव्हती.

शिबिराचं फाटक दिसलं. आडवी बांधलेली फीत दिसली. शिटी वाजवायला साहेब उभे होते. मी इतक्या जोराने फीत तोडली की ती पुढे आंब्याच्या झाडापर्यंत माझ्या गळ्यात होती.

पहिला! नववी नापास, दूधवाला, आणि पहिला!

आता नियम संपला होता. आता पाहायला हरकत नव्हती. मी सायकलवरून उतरलो, दोन आठवड्यांची लाज एका घोटात गिळली आणि वळून म्हणालो, "वर्षाताई, आपण जिंकलो."

समोरच्या मुलीने हेल्मेट काढलं. स्कार्फचा एक वेढा सोडला, दुसरा सोडला. दम खाल्ला.

"दादा," ती म्हणाली, "आता तं सांगा. तुमी कोन?"

पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना, तसं काही होत नाही. जमीन जागेवर राहते. माणसालाच वाटतं की तिने गिळावं.

पुढचं बोलायच्या आत मोठ्या भावाने माझी कॉलर धरली. धाकट्याने दुसरी बाजू धरली. लूनावाले मास्तर माझा तिसरा भाग शोधत होते. मी म्हणत होतो की मला वाटलं वर्षाताई आहे. त्यावर मोठ्याने विचारलं की म्हणजे आणखी एक आहे का. होती ना आणखी एक!

साहेब शांतपणे चालत आले. हातातल्या घड्याळाकडे पाहिलं, मग त्या तिघांकडे.

"तुम्ही तिघं आले?" त्यांनी विचारलं.

"आलो ना साहेब, पण हा..."

"तीनों आ गये. दुसरी टीम अजून दिसत पण नाही. पुलगाव पहिले."

मोठ्या भावाने मागे पाहिलं. रस्ता खरंच मोकळा होता. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं. कॉलरवरचा हात तसाच सरकत माझ्या खांद्यावर आला आणि दोन वेळा थोपटून गेला.

"मानूस वाईट नाई हा," तो धाकट्याला म्हणाला.

नंतर आलेल्या संघांनी वाद घातला की ही बाहेरची मदत झाली. साहेबांनी नियम पुन्हा पुन्हा पाहिले. गाडीची मदत घेऊ नये, गावकऱ्यांची घेऊ नये, सगळं होतं. पण विरोधी संघातला माणूस आपणहून येऊन ओढून नेईल, हे फौजेतही कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. पुलगावला ढाल मिळाली. फोटोत त्यांनी मलाही उभं केलं. नकोच म्हणत होतो, पण मोठ्याने कॉलर धरूनच आणलं. सवय झाली होती त्याला.

माझी टीम पोचली तेव्हा चहाची भांडी विसळली जात होती. पायथ्याशी मी नाही, सायकलही नाही, म्हणजे सायकलसकट रस्त्याकडेच्या दरीत पडलो असं समजून भाऊंनी गुराख्याला खाली पाठवलं होतं आणि स्वतः वरून माझ्या नावाने हाका मारत बसले होते. मी काय झालं ते सांगितलं. सांगत असताना ते एकदा माझ्याकडे पाहत, एकदा शुभांगीकडे, एकदा तिच्या हातातल्या ढालीकडे.

"मंग्या," शेवटी ते म्हणाले, "म्या तुले मागं पाहू नको म्हटलं होतं. डोये घरी ठेवून येजो, असं म्हटलं होतं काय?"

वर्षाताई हसत नव्हती, हे जास्त वाईट होतं. ती लंगडत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. तेव्हा तिला पहिल्यांदा पाहिलं. चष्मा होता तिला. दोन आठवड्यांत मला हेही माहीत नव्हतं.

"मंगेशभाऊ," ती म्हणाली, "दोन आठवडे तुमच्याच मागं होते ना मी. एक डाव तरी पाहाचं होतं."

मग मात्र तिला हसू आवरलं नाही, आणि मला बरं वाटलं.

पण काम गेलं होतं. साहेबांनी टीम आणायला सांगितली होती आणि मी दुसऱ्याची आणली होती. मी शुभांगीच्या सायकलची गाठ सोडायला बसलो. सुटेना, इतकी आवळली होती. शेवटी दोर कापला आणि कोणाला न भेटता निघायला लागलो. साहेब तिथेच उकिडवे बसून त्या सायकलच्या चाकाकडे पाहत होते. ब्रेकचं रबर नावालाही उरलं नव्हतं.

"ब्रेक मारलेली सायकल ओढली? त्या चढावर?"

"हो साहेब."

"कुछ अजीब नहीं लगा?"

"वाटलं, ताई थकली."

साहेब उठले. हसत होते की खोकत होते ते कळलं नाही, पाठमोरे होते. मग वळून म्हणाले, "सोमवारी ये. दूध घालून आलास तरी चालेल. पण एक बात. इथे मागे पाहायचं. घडी घडी. आपल्या मागे आपलीच माणसं आहेत का, ते पाहिल्याशिवाय पुढचं पेडल मारायचं नाही. समझा?"

समजलं म्हणजे काय, कोरलंच गेलं.

सोमवारी नागपूरच्या कॉलेजची पोरं आली. साहेबांनी त्यांना ओळीने सायकली दिल्या आणि बजावलं, मंगेश जिथून जाईल तिथूनच जायचं, इकडे तिकडे पाहायचं नाही. मी पुढे निघालो. घडी घडी मागे पाहत होतो. पहिला आहे, मधले आहेत, शेवटचा आहे. पुन्हा मागे. सगळे आहेत. कोणाची सायकल कोणाला बांधलेली नाही. इतकं मन लावून मी कधी काही पाहिलं नव्हतं. शेवटच्या पोराच्या हेल्मेटचा पट्टा ढिला आहे हेसुद्धा मला तिथून दिसलं.

समोर गावाचा उकिरडा आहे, हे तेवढं दिसलं नाही.

मी कमरेपर्यंत शेणात उभा राहून मागे पाहिलं. पोरं शिस्तीची होती हो. एकामागून एक आली. त्या दिवशी मात्र माझी पूरी टीम पोचली, एकही मागे राहिला नाही.